डुकरांनी पाट फोडला असेल

चाक थांबलं. रहमी कुदळ घेऊन पाटाकडे गेली. डोंगरातून पाणी उतरलं. रहमी परतली नाही.

इकडे पेनसिल्व्हेनियात शिकारीचा हंगाम पुन्हा सुरू झाला आहे. थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपत आली की शनिवारी उजाडताना पहिला बार निघतो. स्टेट कॉलेज हे विद्यापीठाचं गाव. गावाच्या दोन्ही अंगांना लांबच लांब डोंगररांगा आहेत आणि बार त्यांच्यावर आपटून परत येतो, त्यामुळे एका गोळीचे दोन आवाज ऐकू येतात. दुसरा आवाज उगाच जवळचा वाटतो. इतकी वर्षं मी तो ऐकला की चहाचा कप खाली ठेवून हरणाचा विचार करायची. यंदा हरीण मनात आलंच नाही. यंदा मला कुत्रे ऐकू आले. इथे हरणामागे कुत्रे सोडायला कायद्याने मनाई आहे. तरी ऐकू आले.

आमचा घरमालक डेल मागच्या अंगणातल्या मेपलला हरीण टांगतो. डोकं खाली, मागचे पाय दोरीत, पोट उभं चिरलेलं. खाली पानांवर रक्ताचं थारोळं साचतं आणि थंडीत त्यावर साय धरते. रहमीच्या खोलीत आता मृणाल राहते. पुण्याची आहे, स्टॅटिस्टिक्स करते. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा खस्सकन ओढला.

"ताई, यार, मी आजपासून पुढच्याच दाराने जाणार. तो माणूस त्याचं कातडं काढताना गाणं म्हणतोय. व्हॉट इज राँग विथ हिम?"

"खाणार आहे तो ते. हिवाळाभराचं मटण आहे."

"मग त्याने दुकानातून आणावं ना! तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

मला काय वाटतं ते सांगायला बराच वेळ लागला असता. मी पडदा थोडा सरकवला. डेल सुरीने कातडं आणि मांस यांच्यामधला पांढरा पापुद्रा सोडवत होता. हाताला सवय होती. रहमीने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती इथेच उभी होती, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून, आणि म्हणाली होती, "किमान हा खातो तरी. आम्ही मारतो आणि टाकून देतो. सांग सुजा, जास्त रानटी कोण?"

रहमी आणि मी एकाच वर्षी इथे आलो. ती मातीचा अभ्यास करायची, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मातीचा. मी ग्रंथालयशास्त्राला होते. दोघींनाही एकटीला परवडेल अशी खोली मिळेना, म्हणून डेलचा वरचा मजला मिळून घेतला. ती माझ्याकडून 'अगं' शिकली आणि तो सगळ्यांना लावायला लागली. "अगं डेल, हीटर चालत नाहीये." डेलला ते आवडायचं, त्याला वाटायचं तो काही मानाचा शब्द आहे. मी तिच्याकडून 'ओन्दे मान्दे' शिकले, म्हणजे आई गं. बस चुकली, दूध उतू गेलं, की आमच्या घरात दोन भाषांमधल्या दोन्ही आया एकदमच आठवल्या जायच्या.

ती सुमात्रा बेटाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातली, मिनांगकबाऊ लोकांमधली. मुसलमान. त्यांच्यात घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं. मुलगे वयात आले की गाव सोडून कमवायला जातात, आणि लग्न झालेला पुरुष बायकोच्या घरी पाहुण्यासारखा राहतो. रहमीला दोन भाऊ, दोघेही जाकार्तात, दोघांनाही मुली. पण त्या मुली त्यांच्या आयांच्या कुळातल्या. रहमीच्या आईच्या मागे रहमी एकटी. त्या आईला मीही रहमीसारखंच 'अमाक' म्हणते. रहमी परत गेली नाही तर अमाकनंतर त्या घरात त्या कुळाची बाई नाही. अशा घराला त्यांच्याकडे एक शब्द आहे, पुनाह, म्हणजे वंश खुंटलेलं. अमाक तो शब्द एखाद्याच्या तोंडावर दार आपटावं तसा उच्चारते.

रहमी इथे शिकत होती तोवर हा प्रश्न आमच्या खोलीत तिसऱ्या भाडेकरूसारखा राहत होता. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला मातीचे नमुने घ्यायला गावी जायचं होतं. मला काही काम नव्हतं. ती म्हणाली, "चल. पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवशील. अमाकचं भात कापायला आलंय, तेही बघशील." मी गेले. एक हंगाम राहिले. त्यानंतर कितीतरी हंगाम आले नि गेले, पण मला हंगाम म्हटलं की तोच आठवतो.

मी मनात एक चित्र घेऊन गेले होते. पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, धुकं, म्हशीच्या शिंगांसारखी टोकं असलेली छपरं. ते सगळं तिथे होतं. गावाच्या डोक्यावर तो डोंगर होता, माथ्यातून बारीक धूर सोडणारा. पण आज डोळे मिटले की दिसण्याआधी ऐकू येतो तो मार. त्या हंगामात कुणी ना कुणी, काही ना काही सतत झोडत, कुटत, तोडत, फोडत होतं. कापलेल्या भाताच्या पेंढ्या बायका डोक्यावरून उचलून लाकडी चौकटीवर आपटायच्या, धाडकन, पुन्हा धाडकन, दाणे गोळ्यांसारखे ताडपत्रीवर उडायचे आणि गालाला लागले तर वळ उठायचा. दालचिनीच्या झाडांची साल सोलताना झाडाला उभी चीर देऊन ती अंगातून कपडा ओढावा तशी ओढायचे, आणि आतलं खोड उघडं, ओलं, काही वेळ थरथरल्यासारखं दिसायचं. घरात मिरच्या दगडावर ठेचल्या जायच्या तेव्हा शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस खोकत उठायचा. अमाकने मला पहिल्या दिवशी विळा दिला आणि संध्याकाळपर्यंत माझी तीन बोटं चिंध्यांनी बांधलेली होती. तिने ती उलटसुलट करून पाहिली. "पुस्तकाच्या कागदाने कापतं तसंच कापतं," ती रहमीला भाषांतर करायला लावून मला म्हणाली, "फक्त खोल."

आणि चाक. वर डोंगराच्या कुशीत दगडमातीचा बांध घालून ओढ्याचं पाणी वळवलेलं होतं, तिथून ते पाटाने खाली यायचं, आणि अमाकच्या घराखाली त्याच पाण्यावर लाकडाचं एक उंच चाक फिरायचं. त्याच्या आसाला मुसळं जोडलेली. आस फिरला की मुसळ उचललं जाई आणि दगडी उखळात आपटे. ढक्. ढक्. ढक्. जेवताना, भांडताना, नमाजाच्या वेळी. सुरुवातीला मला वाटायचं कुणीतरी दार वाजवतंय. मग तो आवाज ऐकू येईनासा झाला. चाक ऐकू यायचं ते फक्त थांबलं की.

आणि ते थांबलं की गावातला जो तो, जिथे असेल तिथून, एकच वाक्य बोलायचा: डुकरांनी पाट फोडला असेल.

खरंच तसंच असायचं. रानडुकरं गांडुळांसाठी पाटाची कड उकरायची. कड खचली की पाणी भलतीकडे पळायचं, चाक थांबायचं, खालची खाचरं कोरडी पडायची. तिथे एका खाचरात कापणी चाललेली असते तेव्हा शेजारच्यात लावणी असते, त्यामुळे पाणी बाराही महिने लागतं. पाट बांधणं बायकांचं काम, कारण भात बायकांचं. डुकरं मारणं पुरुषांचं.

शिकार रविवारी. अमाकचा भाऊ पुढारी असायचा. त्यांच्यात मामाचा मान बापापेक्षा मोठा, भाचीच्या घरादाराची राखण त्याच्याकडे. मी त्यांना मामाच म्हणायचे, त्यांच्याकडचा शब्दही जवळपास तसाच, म्हणून त्यांना ते आपल्याच भाषेतलं वाटायचं. मामांचा बलांग नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा कुत्रा होता, एक कान फाटलेला. आसपासच्या गावांतून टेम्पो भरून कुत्रे यायचे, एकमेकांवर गुरगुरत, साखळ्या ताणून. त्या रविवारी मी आणि रहमी उंच बांधावर उभ्या होतो. मक्याच्या रानातून डुक्कर बाहेर पडलं ते मला आधी गडगडणारा दगड वाटलं. मग कुत्रे सुटले. एकाने कान धरला, एकाने मागचा पाय, आणि डुक्कर फिरलं, डोकं खालून वर एकदाच झटकलं, आणि एक कुत्रा हवेत उडाला. तो बलांग होता. खाली पडला तेव्हा त्याच्या बरगडीवर उघडं तोंड होतं. तो उठला आणि परत गेला. मामांनी भाला खांद्यामागे खुपसला आणि त्यावर आपलं सगळं वजन टाकलं. डुक्कर ओरडत होतं. मला तो आवाज माणसाचा वाटला म्हणून मी रहमीकडे पाहिलं. तिने माझा हात धरला नाही. ती चिखलातल्या खुणा पाहत होती, डुक्कर कुठून आलं त्या.

मग मामांनी तंबाखूच्या डबीतून सुईदोरा काढला, बलांगचं डोकं मांडीखाली दाबलं आणि टाके घातले.

"आणि ते डुक्कर?" मी विचारलं.

"राहील तिथंच."

"कुणीच खात नाही?"

"अस्तगफिरुल्लाह! तोबा!" मामा मोठ्याने हसले. "कुत्रे खातील. उरलेलं पाऊस खाईल."

परतताना बलांग लंगडत मागे आला आणि घराच्या लाकडी जिन्याशी थांबला. कुत्र्याची लाळ त्यांच्यात नापाक, त्याला वर मज्जाव. अमाक वरून ओरडली, "तिथंच बांध त्याला! माझ्या पायरीला त्याची लाळ लागली तर तुलाही जेवण नाही."

"तुझ्याच भातासाठी फाटलाय तो," मामा म्हणाले.

"फाटू दे. पण पायरीच्या खाली."

एका दुपारी कॉफीच्या पानांचा काढा पिताना अमाकने मला विचारलं होतं. तिकडे कॉफीच्या बियांपेक्षा पानांचं पेय जास्त चालतं. पानं धुरावर वाळवून उकळायची, नारळाच्या करवंटीत ओतायची. तिने विचारलं, "तुझ्या आईची जमीन कुठे आहे?"

"नाही."

"विकली?"

"कधी नव्हतीच. माझी आजी नागपूरकडे दुसऱ्यांच्या शेतात कापणीला जायची. आई शिक्षिका आहे."

अमाकने हे रहमीकडून दोनदा समजावून घेतलं. मग म्हणाली, "मग तुम्हा बायकांना घराबाहेर काढलं तर तुम्ही जाता कुठे?"

रहमीनेच काहीतरी सांगितलं. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "सांगितलं की तुम्ही शाळेत जाता."

ओढ्याच्या पलीकडे यासमावशीचं घर होतं. अमाकच्याच कुळातली, दोघींच्या आज्या मावस बहिणी. तिला पाच मुली. यासमावशी आणि अमाक एकमेकींशी बोलत नसत. एकमेकींना ऐकू जाईल असं दुसऱ्यांशी बोलत. भांडण पाण्याच्या पाळीचं होतं आणि मी गेले त्याच्या खूप आधीपासून चालत आलेलं. "काही लोकांना पाळी समजत नाही," अमाक ओढ्याकडे तोंड करून मला सांगायची. "काही लोकांना खाणारी तोंडं नसली की वेळ फार असतो," पलीकडून उत्तर कोंबड्यांना दिलं जायचं.

कापणी अर्ध्यावर आली होती तेव्हा एका सकाळी चाक थांबलं. डुकरांनी पाट फोडला असेल. अमाक, रहमी आणि मी कुदळी घेऊन वर गेलो. पाट धड होता. यासमावशीने आपल्या फाट्यावरची फळी उचलून पाणी आपल्या खाचरात घेतलं होतं. ती तिथेच उभी होती, गुडघाभर चिखलात, मुली मागे लावणी करत होत्या. अमाकने कुदळीच्या दांड्याने फळी पाडली. यासमावशीने ती परत उचलली. अमाकने ती लाथेने मोडली. यासमावशीने चिखलाचा गोळा उचलून मारला, तो अमाकच्या तोंडावर फुटला. दोन्हीकडच्या बायका काम थांबवून हसायला लागल्या. आणि त्या हसण्यावर चढून यासमावशी ओरडली:

"घे, घे पाणी! सगळं घे! तुझ्या मागे प्यायला आहे कोण?"

हसणं थांबलं. अमाकने कुदळ फेकली. ती हवेत एकदा उलटली आणि यासमावशीच्या पायाजवळ, बांधात, पातं दिसेनासं होईपर्यंत रुतली. हातभर इकडे असती तर पाय गेला असता. कुणी हललं नाही. फक्त पाणी दोन वाटांनी वाहत होतं.

रहमी खाली उतरली. तिने दोन्ही हातांनी कुदळ बांधातून उपटली. यासमावशीकडे न पाहता, पण सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "प्यायला मी आहे."

मग तिने तुटलेल्या फळीच्या जागी दगड लावायला सुरुवात केली. पाणी पुन्हा पाटात आलं. खालून ढक् ऐकू आलं. मी पाहिलं तर अमाकच्या तोंडावरचा चिखल ओघळत होता आणि ती तो पुसत नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी मिरच्या ठेचत होतो. मी विचारलं, "तो राग होता की निर्णय?"

"अगं, मला काय माहीत? पण बायकांसमोर बोलले ना मी. आता निर्णयच तो." तिने वरवंटा दाबून फिरवला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते मिरचीचंही असू शकत होतं. "अमाक आज दोनदा वाढून जेवली, पाहिलंस?"

इकडे परत आल्यावर तिने प्रबंध पूर्ण केला. पश्चिमेकडच्या एका राज्यातून नोकरीचं बोलावणं आलं, चांगलं होतं. तिने माझ्यासमोर फोनवर नाही म्हटलं आणि फोन ठेवून थोडा वेळ डेलच्या अंगणातल्या मेपलकडे पाहत बसली. जाताना तिने मला आपला जाड कोट दिला. "तिकडे कुठे लागणार?" म्हणाली. मी तिला बसस्थानकावर सोडलं. "यासमावशीला सलाम सांग," मी म्हटलं. "सांगते ना," ती म्हणाली, "कोंबड्यांमार्फत."

गावी ती तालुक्याच्या ठिकाणी शिकवायला लागली. सकाळी स्कूटरवरून जायची, दुपारी परत येऊन शेतात. लग्नाचं बघणं चालू होतं. ती मला आवाजी निरोप पाठवायची आणि त्यांच्या मागे नेहमी चाक असायचं, ढक्, ढक्, तिच्या वाक्यांचे मधले तुकडे खाऊन टाकणारं.

गेल्या वर्षी डोंगराने राख ओकली. छपरांवर, पानांवर, म्हशीच्या पापण्यांवर राख बसल्याचे फोटो तिने पाठवले. मग पाऊस लागला. वरची राख आणि दगड भिजत, सुटत, ओढ्याच्या खोऱ्यात साचत राहिले. एका संध्याकाळी, म्हणजे इकडची सकाळ, मी ग्रंथालयात पोचले तेव्हा तिचा निरोप आलेला होता. माझ्याकडे तो अजून आहे. त्यात पावसाचा आवाज आहे आणि चाकाचा नाही. ती म्हणते, "सुजा, चाक थांबलंय. एवढ्या पावसात पण डुकरांना सुट्टी नाही बघ. मामा म्हणतोय कुत्रे नेतो, मी म्हटलं कुदळ पुरे. येते बघून, मग बोलू."

तिला ठाऊक होतं. वर दरड कोसळून ओढा अडला की खाली पाणी आटतं, आणि आटलेला ओढा ही पळण्याची खूण असते, हे तिने तिच्या प्रबंधात लिहिलं आहे. तो प्रबंध मीच ग्रंथालयात नोंदवून घेतला. पण ती कोरड्या पाटाशी प्रबंध घेऊन गेली नव्हती. ती त्या घराची मुलगी म्हणून गेली होती, आणि त्या घरात चाक थांबलं की मनात पहिलं येतं ते डुक्कर. तेवढा पाऊस पाहूनही गावातल्या कुणाच्याही मनात दुसरं काही आलं नाही. खाली ओढ्यात मासे तडफडताना दिसले म्हणून काही जण टोपल्या घेऊन उतरले होते.

पुढचं मला बऱ्याच नंतर यासमावशीने फोनवर सांगितलं. आधी वास आला, ती म्हणाली, गंधकाचा आणि उपटलेल्या मुळांचा. मग जमीन पायाखाली गुरगुरली. मग झाडं उभीच्या उभी चालत आली. पाणी असं ते नव्हतंच, ती म्हणाली. काळा, घट्ट चिखल आणि त्यावर घराएवढे दगड, एकमेकांवर आदळत, ठिणग्या पाडत. खाचरांच्या पायऱ्या एकामागून एक पुसल्या गेल्या. चाक गेलं ते फुटून नाही. उचललं गेलं आणि वळणापर्यंत उभंच, फिरत गेलं. यासमावशीचा गोठा गेला. टोपल्या घेऊन उतरलेले गेले. अमाकचं घर टेकाडावर, ते राहिलं. अमाक जिन्यावर उभी राहून हाका मारत होती, आणि त्या गर्जनेत तिची हाक तिला स्वतःलाही ऐकू येत नव्हती.

शोधायला यंत्रं आली ती रस्ता मोकळा झाल्यावर. त्याआधी मामांनी शिकारीचे कुत्रे आणले. ज्या साखळ्यांतून ते डुकरांवर सोडायचे त्याच साखळ्यांत. कुत्रे दगडांवरून हुंगत फिरले. रहमी बलांगला सापडली, पाटापासून खूप खाली, केळीच्या बागेच्या जागी. मामा म्हणतात, तो भुंकला नाही. पुढचे पाय चिखलात रोवून बसला आणि कुणी येईपर्यंत उठला नाही.

दफन झाल्यावर बलांग घरापर्यंत आला आणि सवयीने जिन्याशी थांबला. अमाक आतून थाळीत भात आणि सुकी मासळी घेऊन आली. खाली उतरली नाही. थाळी तिने वरच्या पायरीवर ठेवली. कुत्रा तिच्याकडे आणि मामांकडे पाहत राहिला. "ये," अमाक म्हणाली. तो चढला.

इकडून मी काय करू शकत होते? मी फोन करायचे. माझी मोडकी इंडोनेशियन आणि अमाकचीही तशीच. तिचा आवाज कोरडा झाला होता. ती रडायची नाही, शिव्या द्यायची. डोंगराला, पावसाला, डुकरांना, मुलांना, ज्यांनी जाकार्ताला चल असा आग्रह धरला होता. "मी इथून उठले तर घराला कुलूप लागेल," ती म्हणायची. "कुलूप लागलेलं घर म्हणजे काय ते तुला माहीत आहे." मला माहीत होतं. तो शब्द तिने आता उच्चारायचा सोडला होता.

एका दिवशी ती म्हणाली, "तू ये."

मला वाटलं भेटायला.

"बकरा कापू. गावाला जेवू घालू. तुला आमच्या कुळात घेऊ. आमच्यात असं चालतं, बाहेरच्या बाईला घेता येतं. तिची खोली आहे. वरची दोन खाचरं वाचली आहेत."

मी ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसले होते, रहमीच्या कोटात. समोर बर्फाखाली गवत होतं. आमच्या घरात जमीन हा शब्द नेहमी दुसऱ्याच्या नावानंतर यायचा. आता तो कुणीतरी माझ्या नावानंतर ठेवत होतं.

"त्यासाठी तुमचा धर्म घ्यावा लागेल ना, अमाक?"

"घ्यावा लागेल."

"मग नाही जमणार." माझ्याकडे शब्द कमी होते, म्हणून मी जे होते त्यांतच सांगितलं. माझ्या आजीने तिचा धर्म सोडला आणि बुद्धाचा घेतला. तेव्हा तिला जमीन नाही मिळाली. मान वर करून चालायला मिळालं. ते तिने मला दिलंय. ते मी देऊन टाकू शकत नाही, तुला सुद्धा.

मग अमाक म्हणाली, "तुझी आजी हट्टी होती."

"हो."

"चांगलं केलं तिने."

मी म्हटलं, "अमाक, पलीकडे पाच मुली आहेत."

"त्या यासच्या आहेत."

"तुझ्याच कुळातल्या आहेत."

तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आला नाही, आणि मी केला तर उचलला नाही. हिवाळा गेला. मी रोज कामावर जात राहिले, पुस्तकांना क्रमांक देत राहिले, आणि संध्याकाळी बसमधून उतरल्यावर थोडा वेळ थांब्यावरच बसून राहायचे. घरी मृणालने काहीतरी लावलेलं असायचं, गाणी, मालिका. ती चांगली मुलगी आहे. तिने कधी विचारलं नाही की मी इतक्या शांतपणे काय ऐकत असते.

उन्हाळ्यात फोन आला, व्हिडिओवर. फोन आधी नुसतंच छत दाखवत राहिला, मग अमाकचा चेहरा आला. तिच्या शेजारी यासमावशीची तिसरी मुलगी, रेस्ती, बसली होती, रहमीपेक्षा थोडी लहान, डोळे लाल. मागून यासमावशीचा आवाज आला. ती अमाकच्या घरात होती. आता ती कोंबड्यांशी बोलत नव्हती.

"सुजा, हिला सांग जरा तिखट कमी घालायला! माझ्या पोरीला रोज रडवते."

"रडू दे," अमाक वळून म्हणाली. "तुझी जीभ लागलीय तिला. भाजू दे थोडी."

"माझ्या पाचांत हीच गुणाची होती, तीच नेलीस."

"मी नेली? तूच म्हणालीस, ही आळशी, हिला ने."

मला नंतर कळलं की अमाक स्वतः ओढा ओलांडून गेली होती. पूल नव्हता, दगडांवरून. यासमावशीच्या दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, तू त्या दिवशी विचारलं होतंस, प्यायला कोण आहे. यासमावशीने काय उत्तर दिलं ते दोघींपैकी कुणीही सांगत नाही. मामा म्हणतात दोघी खूप ओरडल्या, आणि मग मुलींनी दारं लावून घेतली.

आज दिवस मावळायला आला तरी अजून बार चालू आहेत. डेलचं हरीण झाडावरून उतरलं आहे. अंगणात दोरी लोंबते आहे आणि पानांवर डाग आहे. मृणालने पडदा उघडला.

तिकडे आता उजाडायला आलं असेल. चाक नाही. पाट नवा आहे, पाइपाचा. खाचरं दोन आहेत, त्यांत रेस्तीने रोप लावलं आहे. अमाक आहे. घराला कुलूप नाही.